चाळीस मिलिमीटरची फट

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेत चष्म्याच्या जाड काचांवरून कुणीतरी ते चिकटवलं आणि ते नोकरीपर्यंत त्यांचा पाठलाग करत आलं. तिथे मात्र ते शोभलं. त्या बावीस वर्षं ज्या कंपनीत ड्रॉइंग काढत होत्या, तिथे कारखान्यांतली घातक वाफ आणि धूळ खेचून बाहेर नेणारे हुड, नळ आणि पंखे बनत. बाकीचे लोक पडद्यावरचं ड्रॉइंग अख्खं बघत आणि छान म्हणून मोकळे होत. भिंगबाई त्यातला एकेक कोपरा इतका मोठा करून बघत, की दोन रेघांमधलं केसाएवढं अंतर उघड्या दारासारखं दिसे. ते दार त्या लावून घेत आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळत.

त्यांचा आणखी एक गुण होता. त्या विसरत नसत. चौथीत एका मैत्रिणीनं वर्गातली मोठी पट्टी मोडली आणि नाव यांचं सांगितलं. भिंगबाई तिच्याशी दहावीपर्यंत बोलल्या नाहीत. दहावीच्या परीक्षेत तिनंच कळवळून पट्टी मागितली, तेव्हा यांनी आपल्या दोन पट्ट्या तिला नीट दिसतील अशा बेतानं बाकावर मांडल्या आणि "नाही" म्हणाल्या. धाकटा भाऊ हसून सांगायचा, "ताईशी भांडायचं तर आधी दुसऱ्या गावात घर बघून ठेवावं."

भाऊ मुलाम्याच्या कारखान्यात होता. लोखंडी नळ, कड्या, मुठी तिथे आम्लाच्या टाक्यांत बुडवून चकचकीत करत. तो टाकीपाशी उभा राहून सामानाची चौकट आत सोडायचा, वर घ्यायचा, पुन्हा सोडायचा. त्याच कारखान्यानं नवं दालन बांधायला काढलं आणि तिथली वाफ खेचण्याचं काम भिंगबाईंच्या कंपनीला मिळालं, तेव्हा त्यांना केवढं बरं वाटलं. भावाच्या डोक्यावरचा हुड आपल्या हातचा असणार, म्हणून त्यांनी त्या ड्रॉइंगवर जरा जास्तच जीव लावला.

ड्रॉइंग झालं की ते रंगाऱ्याकडे जाई. रंगारी म्हणजे विश्लेषण विभागाचा साहेब. हुड बनवण्याआधी हवा त्यातून कशी वाहील हे संगणकात बघायचं, हे त्याचं काम. निकाल रंगीत चित्रात येतो, वेगवान हवा लाल आणि मंद हवा निळी. ही चित्रं मोठी करून मालकांच्या दालनात टांगायची त्याला भारी हौस, म्हणून सगळे मागे त्याला रंगारी म्हणत. माणूस हुशार होता, हे भिंगबाईंनीही कधी नाकारलं नाही. हुशार आणि उतावळा.

टाक्या लांबलचक आणि सगळीकडे सारख्याच होत्या, त्यामुळे एका आडव्या छेदाचं सपाट ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की भागत होतं. पण 'घेतलं' म्हणायला सोपं. ड्रॉइंगवर मापं असतात, अक्षरं असतात, एकावर एक पडलेल्या रेघा असतात. माणूस त्यातलं हवं ते बघतो, सॉफ्टवेअर सगळंच बघतं. हवा कुठे आणि लोखंड कुठे, हे त्याला बंद आकारावरून कळतं. आकार एका ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरनं उघडा राहिला, तर भोक पडलेल्या पोत्यासारखं सगळं गणित सांडतं. म्हणून आधी साफसफाई करायची, एकेक टोक जुळवायचं, मग आत घ्यायचं. या कामात भिंगबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अडचण अशी झाली, की हुड त्यांनी काढला होता, पण टाकीचा आकार कारखान्याकडून आला होता. तो कुठल्यातरी जुन्या नकाशावरून कुणीतरी घाईत उतरवलेला. शेकडो ठिकाणी टोकाला टोक लागत नव्हतं. भिंगबाई रंगाऱ्याकडे गेल्या.

"सर, टाकीची रेघ सगळी फाटकी आहे. दोन दिवस द्या, मी जुळवून देते."

"दोन दिवस कशाला? टॉलरन्स वाढवला की सॉफ्टवेअर स्वतःच शिवून घेतं."

टॉलरन्स म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेली मुभा. इतक्या अंतरापर्यंतची फट ही चूक समज आणि जोडून टाक. भिंगबाई एक मिलिमीटर देत. रंगाऱ्यानं त्या दिवशी किती दिला, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सुंदर चित्र छापून आलं. टाकीवरची सगळी वाफ एखाद्या शिस्तीच्या रांगेसारखी हुडात शिरत होती.

दालन उभं राहिलं, टाक्या भरल्या, काम सुरू झालं. दुसऱ्या महिन्यात भाऊ म्हणाला की घसा खवखवतो, आणि कारखान्यातून पहिली तक्रार आली. तिसऱ्या महिन्यात नाकातून रक्त यायला लागलं. कारखान्यातून पुन्हा तक्रार आली की टाकीवाले सगळेच खोकतायत. रंगाऱ्यानं उत्तर पाठवलं की यंत्रणा बरोबर आहे, माणसं हुडाखाली डोकं घालत असणार. टाकीवाल्यांना तंबी मिळाली. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी भावाच्या नाकात बॅटरी मारून बघितलं. मधला पडदा झिजून आरपार भोक पडलं होतं. वास तर केव्हाच गेला होता, आता आवाजही बसला तो कायमचा. बोलायला लागला की पत्र्यावर वाळू ओढावी तसं वाटे.

मग कुठे कारखान्यानं धूर सोडून तपासणी केली. हुडाच्या मागच्या कडेला, टाकी धुताना नळी आत घालता यावी म्हणून, चाळीस मिलिमीटरची लांब फट मुद्दाम ठेवलेली होती. हवा मोठी आळशी, सोपी वाट सापडली की अवघड वाटेला जात नाही. पंखा त्या फटीतून मागची स्वच्छ हवा खुशाल ओढत होता आणि टाकीवरची वाफ जागच्या जागी उठून माणसांच्या तोंडावर जात होती. फटीवर रबराची पट्टी बसवली. एका दुपारचं काम. वाफ निमूट हुडात जायला लागली.

आता प्रश्न उरला, हे संगणकात आधी का दिसलं नाही? मालकांनी बैठक घेतली. रंगाऱ्यानं शांतपणे ड्रॉइंगची फाइल उघडली आणि मागची कड मोठी करून दाखवली. तिथे फट नव्हती, सलग रेघ होती. शेजारी माप मात्र चाळीस लिहिलेलं.

"माप लिहिलंय, पण रेघ बंद काढलीय," तो म्हणाला. "मला जे मिळालं तेच मी आत घेतलं."

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात भिंगबाईंचं नाव होतं. त्यांनी सांगून बघितलं की ही रेघ माझी नाही, मी फट सोडली होती. पण पडद्यावर रेघ होती आणि हातात पुरावा नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा ऐकाव्यात तशा त्या ऐकत राहिल्या. मालकांनी त्यांना काढलं नाही, बावीस वर्षांची आठवण ठेवली म्हणाले. त्यांना तळघरातल्या दप्तरखान्यात पाठवलं, जुने नकाशे सांभाळायला. कारखान्याकडे लेखी माफी गेली, त्यात 'आरेखकाची चूक' असे शब्द होते. ते पत्र तिथल्या फलकावर लागलं आणि टाकीवाल्यांनी वाचलं.

भावानंही वाचलं. भिंगबाई त्याच्या घरी गेल्या. त्याची बायको दारातच आडवी आली. "वन्सं, तुमच्या एका रेघेनं माझ्या नवऱ्याचं नाक खाल्लं. आता आमच्याकडे येऊ नका." भिंगबाईंनी तोंड उघडलं, पण त्या घराच्या उंबऱ्यावर सॉफ्टवेअर आणि टॉलरन्स काय समजावणार? त्या परत आल्या.

त्यांचा नवरा बस चालवायचा. त्यानं विचारलं, "तू नक्की फट सोडली होतीस ना?" त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो प्रश्न त्यानं पुन्हा कधी विचारला नाही.

दप्तरखान्यात पत्र्याची कपाटं होती, गुंडाळ्यांचे ढीग होते आणि एका खणात कागदी पाकिटांतल्या तबकड्या होत्या. कंपनीतल्या सगळ्या संगणकांची महिन्याला एक नक्कल तबकडीवर काढून इथे ठेवायची पद्धत होती. रंगाऱ्याला त्याची आठवण राहिली नव्हती. राहिली असती, तर त्यानं भिंगबाईंना तिथे पाठवलं जाताना मान डोलावली नसती. पाकिटं कुणी कधी तारखेनं लावलीच नव्हती. त्यांनी ती एकेक करून लावायला घेतली आणि पाच महिन्यांनी हवं ते पाकीट हाताला लागलं.

तबकडीवर त्यांची मूळ फाइल होती, त्यांनी दिली त्या तारखेची. त्यात फट उघडी होती. तीन दिवसांनंतरची तीच फाइल, त्याच नावानं, पण रंगाऱ्याच्या संगणकावरून साठवलेली. त्यात फट बंद. आणि शेजारी एक साधी मजकुराची फाइल, जी सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी आपणहून लिहून ठेवतं आणि कुणी उघडून बघत नाही. त्यात होतं: टॉलरन्स पन्नास. जोडलेल्या फटी दोनशे बारा. सर्वांत मोठी जोडलेली फट चाळीस.

भिंगबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना वाटलं, आत्ता उठावं, जिना चढावा, मालकांच्या टेबलावर हे ठेवावं. पाय उचललाही होता. पण पाकिटं लावायचं काम अर्धं राहिलं होतं आणि अर्धं काम त्यांना सोडवत नसे. त्यांनी पुढच्या सगळ्या महिन्यांच्या तबकड्याही बघून घेतल्या.

दालन सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या तबकडीवर आणखी एक नोंद निघाली. पहिली तक्रार आल्यावर चौथ्या दिवशीची. रंगाऱ्यानं मूळ ड्रॉइंग पुन्हा आत घेतलं होतं, या वेळी टॉलरन्स एक ठेवून. शेजारी निकालाचं चित्र. वाफ टाकीवरून उठून दालनभर पसरली होती.

म्हणजे त्याला माहीत होतं. दुसऱ्या महिन्यातच माहीत होतं. रबराची पट्टी लागली आठव्या महिन्यात. मधले सहा महिने भाऊ टाकीपाशी उभा राहिला, चौकट आत सोडत राहिला, वर घेत राहिला, आणि हा माणूस वर बसून लिहीत होता की ते हुडाखाली डोकं घालत असणार.

त्या दिवशी भिंगबाई जिना चढल्या नाहीत. आपली अब्रू परत मिळवणं ही गोष्ट त्यांना अचानक फार छोटी वाटायला लागली. त्यांनी डूख धरला.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग उद्या दाखव आणि मोकळी हो."

"उद्या दाखवलं तर काय होईल? दुसऱ्या विभागात बदली करतील. तो हुशार आहे, चूक झाली म्हणेल, डोळ्यांत पाणी आणेल. आत्ता तो पहिल्या पायरीवर उभा आहे. पडला तरी कपडे झटकून उठेल."

"मग?"

"चढू दे."

नवरा म्हणाला की सूड ही उतारावरची गाडी असते, ब्रेक आधी तपासावा. भिंगबाईंनी ऐकून घेतलं.

त्यांनी रविवारी घरच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. शिकणाऱ्यांसाठी त्याची फुकट मिळणारी आवृत्ती होती. ड्रॉइंग त्यांचा हातखंडा, पण पुढचं सगळं परकं. पहिल्या प्रयत्नात त्यांची टाकी एक किलोमीटर रुंद झाली, कारण मिलिमीटरला सॉफ्टवेअर मीटर समजलं. दुसऱ्या प्रयत्नात लोखंडातून वारा वाहिला आणि हवेचा दगड झाला. नवरा मागून बघून म्हणाला, या कारखान्यात मी नोकरी करणार नाही. पण चार-पाच महिन्यांत त्यांना जमलं. एका रविवारी त्यांनी टाकीसमोर माणसाची बाह्याकृती काढली. उंची सोळाशे पंचवीस मिलिमीटर, भावाची. हवा सोडली. लाल पट्टा टाकीवरून उठला, वळला आणि त्या आकृतीच्या तोंडाशी जाऊन गोल फिरत राहिला. त्या ते चित्र संध्याकाळपर्यंत बघत बसल्या. मग नव्यानं सुरुवात केली आणि फाइल आत घेण्यापासून निकालापर्यंतचा सगळा क्रम पुन्हा केला, वेळ लावून. असा त्यांनी तो ऐंशी-नव्वद वेळा तरी केला असेल.

दिवसा त्या दप्तरखान्यात असत. रंगारी खाली आला की उठून उभ्या राहत, हवी ती गुंडाळी शोधून देत, "आणखी काही, सर?" विचारत. तो एकदा म्हणाला, बाई, तुम्ही मनात काही ठेवलं नाहीत हे तुमचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "मनात ठेवून काय करायचं, सर? जागा किती असते?" आणि कपाट लावून घेतलं.

या काळात भाचीचं लग्न झालं. भावाची थोरली मुलगी, जिला यांनी पेन्सिल धरायला शिकवली होती. आमंत्रण आलं नाही. लग्नाच्या दिवशी भिंगबाई कामावर गेल्या, दिवसभर गुंडाळ्यांवरची धूळ पुसली. नवऱ्यानं त्याआधी आठवडाभर रोज एकच वाक्य म्हणून बघितलं होतं, की अगं, नुसती ती तबकडी त्यांच्या घरी नेऊन दाखव. त्यांनी ऐकलं नाही. भावाला कळलं तर कारखान्याला कळणार, कारखान्याला कळलं तर रंगारी सावध होणार. त्यांनी हे सगळं तोलून बघितलं आणि लग्न सोडलं. रडल्या, ते दप्तरखान्यात. पण सोडलं.

आणि रंगारी चढला. आधी सगळ्या तांत्रिक विभागांचा प्रमुख झाला. मग त्याच कारखान्यानं दुसरं, तिप्पट मोठं दालन काढलं आणि मालकांनी जाहीर केलं की हे काम मिळालं की साहेब कंपनीत भागीदार होतील. कारखान्यानं या वेळी सुरक्षा अधिकारी म्हणून एक नवी बाई नेमली होती. कडक होती. तिच्याबद्दल असं म्हणत, की ती आरशातल्या स्वतःलाही ओळखपत्र विचारते. तिच्या नावानं एक टंकलेली चिठ्ठी साध्या टपालानं गेली. खाली सही नव्हती. मजकूर दोनच ओळींचा: 'जुन्या दालनाचं ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये घेताना टॉलरन्स किती होता, ते विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका.'

बैठकीच्या दिवशी भिंगबाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि तबकड्या पिशवीत घालून खाली बसून राहिल्या. अकराच्या सुमारास मालकांच्या दालनातून फोन आला. जुन्या दालनाचं काही सापडेल का?

त्या वर गेल्या. लांब टेबल होतं, भिंतीवर मोठा पडदा, रंगाऱ्याचं नवं जाकीट, कारखान्याचे दोन व्यवस्थापक आणि ती सुरक्षा अधिकारी. तिचा प्रश्न विचारून झाला होता. रंगाऱ्यानं 'नेहमीचाच' असं उत्तर दिलं होतं. तिनं सांगितलं होतं, नेहमीचा म्हणजे किती ते मला करून दाखवा, मगच नव्या दालनाचं बोलू. आणि तो म्हणाला होता की इतकी जुनी मूळ फाइल आता कुठे मिळणार.

"मिळाली," भिंगबाई म्हणाल्या आणि तबकडी टेबलावर ठेवली.

रंगाऱ्याचा चेहरा आधी बदलला नाही. त्यानं हात पुढे केला. पण अधिकारी बाईंनी विचारलं, ड्रॉइंग कुणी काढलं होतं? भिंगबाईंनी मीच म्हणून सांगितलं. मग तुम्हीच घ्या आत, अधिकारी बाई म्हणाल्या. तुम्हाला येतं का? भिंगबाईंनी मान हलवली आणि रंगाऱ्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला उठावं लागलं.

त्यांनी फाइल उघडली. आधी हुडाची मागची कड मोठी करून दाखवली, फट उघडी होती. मग टॉलरन्स एक ठेवून आत घेतली. सॉफ्टवेअरनं आपली नोंद लिहिली: जोडलेल्या फटी दोनशे अकरा, सर्वांत मोठी आठ दशांश मिलिमीटर. मग तीच फाइल पुन्हा घेतली, पन्नास ठेवून. दोनशे बारा, सर्वांत मोठी चाळीस. दोन्ही नोंदी त्यांनी शेजारी शेजारी लावल्या आणि हात मांडीवर ठेवले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"आणि त्या वेळची नोंद?" अधिकारी बाईंनी विचारलं.

ती उघडली. पन्नास, दोनशे बारा, चाळीस. कोपऱ्यात रंगाऱ्याच्या संगणकाचं नाव.

तो म्हणाला की कामाचा ताण होता, नजरचुकीनं झालं असेल, आपण सगळीच माणसं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मालक हळहळल्यासारखे दिसायला लागले. भिंगबाई याच क्षणासाठी चौदा महिने थांबल्या होत्या. त्यांनी त्याला बोलू दिलं, पूर्ण. त्याचं 'मला तेव्हा कळलं असतं तर' म्हणून झालं, आणि मग त्यांनी दुसरी तबकडी पिशवीतून काढली.

दुसऱ्या महिन्यातली नोंद पडद्यावर आली. टॉलरन्स एक. मग ते चित्र, दालनभर पसरलेल्या वाफेचं. अधिकारी बाईंनी तारीख मोठ्यानं वाचली. मग स्वतःच्या वहीतून पट्टी बसवल्याची तारीख वाचली.

"सर," भिंगबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं हे चित्र तुम्ही भिंतीवर लावलं नाहीत."

काम कंपनीला मिळालं, पण या अटीवर की रंगारी त्यात नसेल. भागीदारी तर सोडाच, नोकरीही त्याच आठवड्यात गेली. कारखान्यानं जुनं माफीपत्र नुसतं फलकावरूनच नव्हे, तर टाकीवाल्यांच्या वैद्यकीय कागदांतूनही बदलून घेतलं. मालकांनी भिंगबाईंना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या म्हणाल्या, जायच्या आधी त्यानं माझ्या भावाच्या घरी यावं आणि जे केलं ते तोंडानं सांगावं.

तो आला, रविवारी दुपारी, भिंगबाईंच्या मागोमाग. दारात उभ्यानंच सांगितलं, खाली बघत. सहा महिने माहीत होतं हेही सांगितलं. भावजयीनं पदर तोंडाला लावला. भाऊ ऐकत होता. रंगारी गेल्यावर तो बहिणीकडे वळला.

"ताई, तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलायला वाव होता. भिंगबाईंनी तो घेतला नाही. "चौदा महिने."

तो त्या खरखरीत आवाजात हळू म्हणाला, "त्यानं सहा दडवलं. तू चौदा." आणि आत गेला. भावजयीनं पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी उभ्या उभ्या संपवला आणि निघाल्या.

घरी नवऱ्यानं विचारलं, लग्नाच्या आधी दाखवलं असतंस तर नसतं का चाललं? "तेव्हा तो नुसता साहेब होता," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

त्यांना पुन्हा वर टेबल मिळालं. नवा नियम झाला की प्रत्येक ड्रॉइंगसोबत ते आत घेतल्याची नोंद जोडायची आणि त्यावर दोघांनी सही करायची. पण भिंगबाईंचं मन भरलं नव्हतं. रंगाऱ्याला दुसऱ्या गावी एका पंप बनवणाऱ्यांकडे नोकरी लागली. पंधरा दिवसांत तिथे एक पाकीट पोचलं, दोन नोंदी, एक चित्र, तारखांखाली लाल रेघ. नोकरी गेली. मग तो एका शिक्षणसंस्थेत शिकवायला लागला. तिथेही पाकीट गेलं. तिसऱ्या ठिकाणी तो म्हणे साधा आरेखक म्हणून लागला होता, दुसऱ्यांची ड्रॉइंग साफ करायला. हे ऐकून भिंगबाई पहिल्यांदा खदखदून हसल्या आणि तिसरं पाकीट तयार केलं.

नवरा म्हणाला, आता पुरे, त्याला दोन लेकरं आहेत. त्या म्हणाल्या, माझ्या भावालाही दोन आहेत. नवऱ्यानं मग भावालाच जाऊन सांगितलं असावं, कारण एका संध्याकाळी भाऊ त्यांच्या दारात उभा होता, जवळजवळ दोन वर्षांनी. बसला. इकडचं तिकडचं बोलला, भाची बरी आहे म्हणाला. मग म्हणाला, "त्याला सोड आता. त्याचं वाईट झालं म्हणून माझं नाक परत येत नाही. तो गेला खड्ड्यात. तू घरी ये."

भिंगबाई चहा ठेवायला उठल्या.

"पाकीट पाठवलं नाहीस ना?" त्यानं मागून विचारलं.

ते सकाळीच टपालात पडलं होतं. भिंगबाईंनी दूध ओतलं, साखर जरा जास्त घातली, कारण वास नसला की त्याला चव कमी लागते हे त्यांना माहीत होतं.

"पुढचं नाही पाठवणार," त्या म्हणाल्या.

भाऊ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला बहीण ठाऊक होती. त्यानं कप घेतला आणि बशीत ओतून फुंकर मारली. चौथं पाकीट त्यांनी खरोखरच पाठवलं नाही. आणि पुढच्या रविवारी, भाचीनं फोन करून "आत्या, येतेस ना?" विचारल्यावर, त्या नवऱ्याला घेऊन भावाच्या घरी जेवायला गेल्या.